मधपेट्या वाढल्या म्हणजे मधमाश्या वाचल्या का?

रानभुंगा
काल एक पोस्ट वाचली: "मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाला होता. म्हणून घरोघरी मधपेटी ठेवा." आइन्स्टाइन असं म्हणाल्याचा पुरावा कुठेही नाही. गहू, भात, मका यांना मधमाशी लागतच नाही, वाऱ्यावर किंवा स्वपरागीभवनावर त्यांचं भागतं. पोट भरेल, पण फळं, भाज्या, तेलबिया कमी पडतील आणि अ जीवनसत्त्व, फोलेट यांची कमतरता वाढेल. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाचा २०१६चा अहवाल सांगतो की प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकं परागवाहकांवर, म्हणजे पराग वाहून नेणाऱ्या कीटक-प्राण्यांवर, थोडीफार तरी अवलंबून आहेत, पण एकूण उत्पादनातला त्यांचा थेट वाटा ५ ते ८ टक्के. पहिला आकडा सांगून दुसरा गिळू नका.

आणि पेट्या? जगभरात पाळीव वसाहती गेल्या अर्धशतकात वाढल्याच आहेत. मधमाश्यांच्या २०,०००हून जास्त जाती आहेत, त्यातल्या पेटीत राहणाऱ्या मोजक्याच. कमी होतायत त्या बाकीच्या.

पिलावाकोठी
पेटीवाल्यांना झोडपणं सोपं आहे. संख्या टिकलीय ती मेलेल्या वसाहतींच्या जागी दरवर्षी विभाजन करून नव्या उभ्या केल्या म्हणून. खरा शत्रू व्हरोआ. मूळचा आशियाई सातेरी मधमाशीवरचा हा माइट, म्हणजे बारीक परजीवी, तिथे फक्त नरांच्या पिलाव्यात (अळ्या-कोषांच्या घरांत) वाढतो, म्हणून वसाहत तग धरते. मेलिफेरा या पेटीतल्या पाश्चात्य मधमाशीत तो कामकऱ्यांच्या पिलाव्यातही शिरतो. अळीचं घर बंद व्हायच्या जरा आधी माइटची मादी आत जाते आणि पुढचे १२ दिवस बंद घरात पिल्लं वाढवते. वर पंख वेडेवाकडे करणारा विषाणू पसरवते.

चाचणी करा: राणी त्यात नाही ना बघून पिलाव्याच्या फ्रेमवरच्या सुमारे ३०० माश्या, म्हणजे अर्धा कप, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. दोन चमचे पिठीसाखर टाकून घोळा, दोन मिनिटं थांबा, पांढऱ्या ताटलीत जोरात झटका. ९ माइट पडले म्हणजे ३ टक्के, उपचाराला उशीर नको. साखर दमट असेल तर गोळे होतात आणि माइट सुटतच नाहीत, मग शून्य मोजून लोक निर्धास्त राहतात.

रानभुंगा
व्हरोआ मान्य. पण एकाकी (वसाहत न करता एकट्याने घरटं करणाऱ्या) माश्यांना व्हरोआ नाही, तरी त्या का घटतायत? जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षांत उडत्या कीटकांचं वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटल्याचं २०१७मध्ये समोर आलं. तिथे कुणाच्या पेटीचा प्रश्न नव्हता.

संध्याफवारा
आता सगळे मिळून कीटकनाशकावर येणार. संध्याकाळी फवारा, माश्या घरी गेलेल्या असतात. भोपळ्याची फुलं पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात. एवढं पाळलं तरी पुरे.

खोडकीड
नाही पुरत! बियाण्याला लावलेलं इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झामसारखं कीटकनाशक झाडाच्या रसातून थेट परागात आणि मधुरसात येतं. त्याला संध्याकाळ कशी वाचवणार? थायमेथोक्झामचं झाडात क्लोथियानिडिन होतं, तेही तितकंच विषारी. युरोपीय संघाने २०१८मध्ये या तिन्हींचा उघड्यावरचा वापर बंद केला तो उगाच नाही. शिवाय बियाण्यावरचा बराचसा भाग पिकात जातच नाही, मातीत राहतो. आणि बहुतेक एकाकी माश्या घरटं मातीतच खणतात.

संध्याकाळचंच बोलायचं तर काय मारता ते सांगा. पाण्यात मिसळायच्या भुकटीचे कण माशी परागाबरोबर गोळा करून घरी नेते. सूक्ष्म कवचातलं औषध त्याहून वाईट. आणि मिटलेलं भोपळ्याचं फूल उघडून बघा, काही जातींच्या माश्यांचे नर आतच झोपलेले असू शकतात.

संध्याफवारा
मग शेतकऱ्याने फवारायचंच नाही का? पीक किडीला द्यायचं? उपदेश करणं सोपं असतं.

खोडकीड
असं कुणी म्हटलं? बुरशीनाशक "माशीला सुरक्षित" समजून कीटकनाशकाबरोबर एकाच टाकीत मिसळू नका, एवढं तरी ऐका. प्रोपिकोनॅझोलसारखी औषधं माशीच्या शरीरातली विष मोडणारी यंत्रणा अडवतात, मग कीटकनाशकाची थोडी मात्राही जीवघेणी ठरते. फुलोऱ्यात ही जोडी टाळा.

पिलावाकोठी
परिणाम बघायचा तर वाकडं कलिंगड बघा. मादी फुलाच्या कुक्षीचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाचे, तीन भाग असतात. तिन्हींवर सारखा पराग पडला तर फळ सगळीकडून भरतं. माशी एकदाच आली, एकाच भागावर बसून गेली, तर त्या बाजूला बिया धरतात आणि दुसरी बाजू खुरटते. फूल एक दिवसाचं, दुसरी संधी नाही. लोक मात्र खतात खोट शोधत बसतात.

रानभुंगा
आणि टोमॅटो-वांग्याचा पराग परागकोशाच्या टोकाच्या भोकातून थरथराटाने सुटतो. ती थरथर भुंगा, म्हणजे लाकूड पोखरणारी मोठी रानमाशी, देतो, मेलिफेरा देत नाही. शंभर पेट्या आणून ठेवल्या तरी नाही. भुंग्याला वाळकं लाकूड लागतं, बाकीच्यांना बांधावरची न नांगरलेली, उन्हातली उघडी माती. तणनाशकाने बांध साफ केलात की अन्नही गेलं, घरही गेलं.

पिलावाकोठी
बांधाचं मान्य. पण पेट्या हलवा म्हणू नका. फुलोऱ्यात एकाच पिकाचं मोठं शेत एकट्या रानमाश्यांच्या आवाक्यातलं नसतं.

संध्याफवारा
बुरशीनाशक वेगळं मारू, ते पटलं. संध्याकाळची वेळ मात्र सोडणार नाही.

खोडकीड
वेळ सोडू नका, भुकटी सोडा.