पेट स्कॅनमधल्या आकड्यावरून आबांचं पुढचं कळतं का?

कसबा बावड्याची लेक:
आबा ६६ वर्षांचे, उभी हयात गुऱ्हाळावर चुलवाणापुढं गेली. फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय. रिपोर्टात ‘एसयूव्ही मॅक्स ११.४’ लिहिलंय. रात्रभर तोच आकडा डोळ्यांपुढं. जास्त म्हणजे वाईटच का?

स्कॅन विभागातला दादा:
ताई, स्कॅनआधी देतात ती फ्लोरिन-१८ लावलेली साखर. गाठ ती जितकी ओढते तितकी चमकते. एसयूव्ही मॅक्स म्हणजे गाठीतल्या सगळ्यात जास्त चमकणाऱ्या जागेचा आकडा. आकडा मोठा म्हणजे गाठ जोमानं वाढणारी असू शकते, हे खरं. पण रक्तातली शुगर, इंजेक्शननंतर किती वेळानं स्कॅन झाला, मशीन कुठलं, यानं तो हलतो. टीबीची गाठसुद्धा चमकते. आधी स्टेज विचारा. सगळ्या गाठींचं मिळून चमकणारं आकारमानही विचारा, पुष्कळदा तेच जास्त सांगतं.

कसबा बावड्याची लेक:
आबांना शुगर आहे. त्या सकाळी गाडीत त्यांनी दोन घोट गुळाचा चहा घेतला. स्कॅनवाल्यांना आम्ही कुणीच बोललो नाही.

स्कॅन विभागातला दादा:
आजच डॉक्टरांना सांगा. शुगर वाढली की गाठीचा आकडा कमी दिसू शकतो. इंजेक्शनआधीची शुगर बहुतेक रिपोर्टातच असते, बघा.

इचलकरंजीची सून:
सासूबाईंचा पुढचा स्कॅन आम्ही मुद्दाम त्याच मशीनवर केला. आधीच्या न् पुढच्या, दोन्ही स्कॅनच्या सीडी जपून ठेवा गं.