दुसऱ्या प्रुफानंतरच्या बदलांचे पैसे घ्यावेत की नाही?

पानमांडू
मी पुस्तकांची मांडणी करते. आतली पानं, कधी मुखपृष्ठही. नोकरी नाही, घरून स्वतंत्र काम. माझं मत असं: कोटेशनमध्ये दोन प्रुफं (छपाईआधी तपासायला दिलेल्या मांडलेल्या प्रती) लिहिली असतील तर तिसऱ्यापासून वेगळे पैसे लागलेच पाहिजेत. आणि ते ग्राहकाला काम सुरू होण्याआधी कळले पाहिजेत, शेवटच्या बिलात नव्हे.

काम वाढतं कसं, ते बघा. ठरतं '२४० पानांचं आत्मचरित्र', म्हणजे १६ पानी १५ फर्मे (एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा). पहिल्या प्रुफात अर्पणपत्रिका बदलते. दुसऱ्यात एक प्रकरण पुढचं मागे जातं. मग जुने फोटो येतात, तेही व्हॉट्सॲपवरून, छपाईच्या कामाचे नसलेले. मग 'शेवटी नामसूची टाकू या ना', म्हणजे कुठलं नाव कितव्या पानावर त्याची यादी. सूची झाली की लेखकाला ६१व्या पानावर मामांबद्दल एक परिच्छेद आठवतो, पुढची पानं सरकतात आणि सूचीतले आकडे पुन्हा तपासायला बसायचं. छापखान्यात फाइल जाताना 'ईपब पण काढून ठेवा, मजकूर तर तयारच आहे'. ईपब म्हणजे ई-बुकची फाइल. तयार कुठला? लेखकाने दिलेला मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला, पुस्तकही त्यातच जुळवलेलं. ई-बुकला लागणाऱ्या युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य अक्षरप्रणालीत) नेला की जोडाक्षरं फुटतात, ऱ्या-ऱ्हाची वाट लागते, सगळं पुस्तक नव्याने वाचावं लागतं.

यातली एकही मागणी अवाजवी नाही, पुस्तक त्याने सुधारतंच. पण दर ठरला तेव्हा ही कामं नव्हती. म्हणून मी त्याच दिवशी मेल करते: 'नामसूची होईल. इतके पैसे, चार दिवस जास्त. होकार आला की हातात घेते.' नाही कधीच म्हणत नाही. गंमत म्हणजे निम्म्या वेळा उत्तर येतं, 'राहू द्या मग.'

छोटा प्रकाशक
ताई, आता आमचं ऐका. मराठीत ५०० प्रतींची आवृत्ती काढतो आम्ही. कागद, छपाई, विक्रेत्याचं कमिशन जाऊन उरतं काय? लेखक पंचाहत्तरीचे, पहिलंच पुस्तक. कागदावर पान बघितल्याशिवाय त्यांना स्वतःची चूक दिसत नाही. तो काही लबाडपणा नव्हे, पुस्तक असंच तयार होतं. अशा माणसाला मी तुमचा तो 'होकार आला की' वाला मेल दाखवू?

आणि सूची लागेल का, ई-बुक करणार का, हे सुरुवातीलाच तुम्ही विचारायचं. आम्हाला कळत नाही म्हणून तर जाणकाराकडे येतो.

पानमांडू
विचारते. पहिल्या मेललाच यादी जोडलेली असते: फोटो, सूची, ई-बुक, पुढची आवृत्ती. उत्तर येतं, 'बघू.' त्या 'बघू'ची किंमत आधीच कशी लावायची?
लेखकाच्या दुरुस्त्यांचं म्हणाल, तर तो तुमच्या आणि त्यांच्या करारातला विषय आहे. काही प्रकाशक एका मर्यादेपलीकडच्या दुरुस्त्यांचा खर्च लेखकाकडून घेतात. तुम्ही घेत नसाल तर तो तुमचा मोठेपणा, पण तो माझ्या खिशातून का?

जुनी खोड
मी या धंद्यात ट्रेसिंग पेपरच्या काळापासून. जास्तीच्या दुरुस्तीचा एक पैसा कधी लावला नाही. काम तोंडी प्रसिद्धीवर येत राहिलं, एका लेखकाने दुसऱ्याला सांगितलं. तुम्ही नवी मंडळी स्वल्पविरामाचंही बिल कराल. माणसं तुटतात अशाने.

शब्दागणिक
काका, आदर ठेवून विचारतो: एका लेखकाने दुसऱ्याला नेमकं काय सांगितलं? 'काम चांगलं करतात' की 'कितीही बदल करून देतात'? दुसरं असेल तर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तीच अपेक्षा घेऊन येणार.

मी अनुवादक आहे, पण पानमांडूंशीही पूर्ण सहमत नाही. रोगाचं मूळ एकरकमी दरात आहे. आम्ही शब्दावर दर लावतो. मूळ मजकूर मध्येच बदलला तर बदललेले शब्द मोजायचे, वाद संपला. मांडणीवाले तासावर का जात नाहीत?

पानमांडू
कारण तासावर गेलं की हळू काम करणाऱ्याला जास्त मिळतं. शिवाय छोट्या प्रकाशकाला आकडा आधी लागतो, आणि ते रास्तच आहे.

कलमबहाद्दर
वकील आहे, थोडं कोरडं बोलतो. लेखी करार नाही म्हणून हक्क नाही, असं नसतं. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७०: फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. ठरलेल्या कामाबाहेरच्या जादा कामालाही हा आधार घेता येतो. पण तुम्ही वर्षानुवर्षं हसत हसत फुकट करत आलात, तर 'हेतू फुकटाचा नव्हता' हे सिद्ध कसं करणार? जुनी खोड यांनी हे वाचावं.

दुसरं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, तिला शुल्क नाही. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार, ठरवून घेतलं तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणी मात्र काम देण्याआधीची हवी.

शब्दागणिक
सात हजारांच्या सूचीसाठी कोण कोर्टात जातं, साहेब?

कलमबहाद्दर
कोणी जाऊ नये. मुद्दा मेलचा आहे. पानमांडूंचा तो तीन ओळींचा मेल हाच पुरावा, आणि तो असला की सहसा कोर्टापर्यंत जायची वेळच येत नाही.

छोटा प्रकाशक
कायद्यावर आलात म्हणून सांगतो, मी कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत. माझा राग वेगळा आहे. गिलावा झाल्यावर खिडकी सरकवायला सांगितली तर गवंडी पैसे मागणारच, मान्य. पण इथे टाचणी ठोकायचेही मागतात. एका शीर्षकाचा टाइप अर्धा पॉइंट मोठा करायला मेल आणि होकार?

पानमांडू
नाही, ते फुकट. रेघ मी इथे ओढते: ज्या बदलाने पानं सरकत नाहीत, तो कितव्याही प्रुफात पदरचा. पानं सरकली, नवा मजकूर किंवा नवा प्रकार आला, की दर.

जुनी खोड
हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढा चिडलो नसतो. तरी दुरुस्तीचे पैसे मी घेणार नाही. माझा पहिलाच दर तुमच्यापेक्षा जास्त असेल, त्यात सगळं धरलेलं असतं.

शब्दागणिक
म्हणजे घेताच की, फक्त सगळ्यांकडून सारखे. ज्याने एकही बदल सांगितला नाही तो बिचारा दुसऱ्याच्या मामांचे पैसे भरतोय.

छोटा प्रकाशक
पानमांडू, तुमची रेघ मला चालेल. सूची वेगळी, ईपब वेगळं, तिसरं प्रूफ पानं सरकली तरच. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मांडणीची मूळ फाइल, मात्र मला हवीच. दुसऱ्या आवृत्तीत एक तारीख बदलायला तुमच्याकडे खेपा मारणार नाही.

पानमांडू
तारीख मी बदलून देईन, त्याचे पैसेही नको. ओपन फाइल द्यायची तर त्याचा दर पहिल्या कोटेशनमध्येच वेगळ्या ओळीत लिहीन, घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

छोटा प्रकाशक
पुस्तक माझं आणि फाइल तुमची? हे नाही पटलं.