सल्ला हवा: गाजलेलं रॅप चांगलं की नुसतंच गाजलेलं, हे ओळखायचं कसं?

पानउलट
आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटात पुढची बैठक लोकप्रिय रॅपवर आहे. सध्या सगळीकडे वाजणारी वीस गाणी काढली आहेत, त्यातली पाच चर्चेला निवडायची आहेत. "भारी आहे" आणि "कसला कलकलाट" यांच्या पलीकडे बोलता यावं एवढी कसोटी हवी. अटी आधीच सांगते: खर्च शून्य, हाताशी फोन आणि साधे इअरफोन, मुदत एक आठवडा, रोज अर्धा तास. संगीत शिकलेले नाही, कविता मात्र वाचते.

सोळाबार
आधी मोजायला शिका, शब्द नंतर. चार ठोक्यांचा एक बार, आणि रूढ कडवं सोळा बारचं. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोके असतील तर, एक बार साधारण २.७ सेकंदांचा, म्हणजे अख्खं कडवं पाऊण मिनिटाच्या आत संपतं. स्नेअर (ड्रमचा कडक 'टाप' आवाज) दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, बोटाने तोच धरा. ट्रॅप या रॅपच्या प्रकारात इथेच गोंधळ होतो. बीट (रॅपमागचं संगीत) १४० चं म्हणतात, पण स्नेअर तिसऱ्यावर एकदाच येतो, त्यामुळे चाल ७० ची वाटते. हाय-हॅटच्या (झांजेच्या बारीक आवाजाच्या) मागे लागू नका, तो मध्येच दुप्पट-तिप्पट होतो आणि मोजणी चुकते.
ठेका हाताला लागला की यमक कोणत्या ठोक्यावर पडतंय ते बघा. प्रत्येक वेळी चौथ्यावरच आणि दर बारला तितकीच अक्षरं असतील, तर ती १९७९ च्या 'रॅपर्स डिलाइट'ची पद्धत झाली. एरिक बी आणि रकीमच्या १९८७ च्या 'पेड इन फुल'मध्ये यमकं ओळीच्या पोटात शिरलेली दिसतात आणि वाक्य बारची रेष ओलांडून पुढे जातं. आजचा कलाकार या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो, ते बघायचं.

खर्जवाला
साध्या इअरफोनवर रॅपची पारख? विसरा. ८०८ चा (ड्रम मशीनवरच्या खोल बासचा) खालचा स्वर ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि आजच्या निम्म्या गाण्यांत तोच चाल धरतो. फोनच्या स्पीकरवर तर तो जवळजवळ नसतोच, मग बीट पोकळ वाटतं आणि दोष रॅपरच्या माथी जातो. ओपन-बॅक (मागून उघडे) हेडफोन घ्या, सोबत वेगळा डॅक (डिजिटल आवाज कानाजोगा करणारं उपकरण). तडजोड करू नका.

निमूट
खर्च शून्य, असं चौथ्याच वाक्यात लिहिलंय हो. शिवाय खोल बाससाठी ओपन-बॅक सुचवणं म्हणजे कमाल आहे, त्यांचाच बास आधी उतरतो.
पानउलट, इअरफोनच्या रबरी टोप्या कानात घट्ट बसतात का ते बघा. फट राहिली की बास गळतो. मापाची टोपी घातली तर साध्या इअरफोनवरही पुरेसा ऐकू येतो. दुसरं, अ‍ॅपमधलं लाउडनेस नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्याच जोरात वाजवणारी सोय) चालू ठेवा. नाहीतर जे गाणं जोरात वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, दोन गाण्यांची तुलनाच होत नाही. इक्वलायझर बंद.

यमकवही
कविता वाचता ना, मग अर्धं काम झालंय. एका कडव्याला तीन फेऱ्या द्या. पहिली शब्द समोर न ठेवता. दुसरीत ऐकू येईल तसं स्वतः लिहायचं, अडेल तिथे रेघ. तिसरीत छापील शब्दांशी पडताळा. नेटवरचे शब्द बहुतेक वेळा चाहत्यांनी उतरवलेले असतात. त्यात चुका असतात आणि ओळी बारप्रमाणे तोडलेल्या नसतात, त्यामुळे यमक भलतीकडेच दिसतं. शिव्या गाळलेली आवृत्ती तपासायला घेऊ नका. गाळलेला शब्द कितीदा यमकाचाच असतो.
मग आवाजावरून खुणा करा, स्पेलिंगवरून नाही. एकाच अक्षराचं यमक स्वस्त, दोन-तीन अक्षरांचं महाग. मराठीत तर क्रियापद शेवटी येत असल्यामुळे येतो-जातो-गातो फुकटात जुळतं. अशी वीस यमकं असली तरी शून्य धरा. उलट हे बघा, आत्ताच जुळवलेलं:
ओझं त्याच्या पाठीवर
नाव माझं पाटीवर
तीन अक्षरं जुळली, आणि यमक काढलं तर मुद्दाही जातो. कसोटी हीच: यमकाचा शब्द बदलला तर अर्थ हलतो का? हलत नसेल तर तो शब्द भरतीचा.

तिरकसतान
पाठीवर-पाटीवर हे शुद्ध यमक नाही. ठ आणि ट वेगळे.

यमकवही
रॅपमध्ये ओढूनताणून जुळवलेलं यमक उच्चारात जुळलं की झालं. एमिनेम शब्दाचे स्वर वाकवून जुळवतो, ते काय व्याकरणाला विचारून?

तिरकसतान
म्हणजे जुळत नसेल तर वाकवा. छान कसोटी.

सोळाबार
ती कसोटीच आहे. वाकवलेला शब्द ठोक्यावर पडून कळला, तर कौशल्य. दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय कळलाच नाही, तर ओढाताण. धागा यमकाच्या शुद्धतेवर नेऊ नका.

जुनंतेसोनं
१९९४ चा नासचा 'इलमॅटिक' ऐका. दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत सगळं संपतं. त्यानंतरचं 'लोकप्रिय' वगैरे ऐकण्यात आठवडा घालवू नका. आता नुसती पुटपुट आणि ऑटो-ट्यून (सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर).

गणितज्ञ
मोजता येतं हो हे. २०१४ मध्ये मॅट डॅनियल्सने प्रत्येक रॅपरचे पहिले ३५,००० शब्द घेऊन त्यातले वेगवेगळे किती ते मोजले. एसॉप रॉक सगळ्यात वर. आणि वेग: एमिनेमचं 'रॅप गॉड', ६ मिनिटं ४ सेकंदांत १,५६० शब्द. तुमच्या वीस गाण्यांचे शब्द तक्त्यात टाका, दहा मिनिटांत उत्तर.

सोळाबार
त्याच मोजणीत डीएमएक्स तळाशी होता. त्याला वाईट रॅपर म्हणणारा एक जाणकार दाखवा. एकच शब्द चार वेळा, दर वेळी वेगळ्या जोराने, हे त्याचं हत्यार. ते तक्त्यात उतरत नाही. शिवाय एका गाण्यात पाचशे शब्दही कसेबसे, तेवढ्यावर शब्दसंपदेचा निष्कर्ष निघत नाही.
वेगाचंही तेच. स्टुडिओत एकेक ओळ वेगळी ध्वनिमुद्रित करून जोडतात, त्याला पंच-इन म्हणतात. खूण सोपी आहे: आधीच्या ओळीची शेपटी संपायच्या आत पुढची सुरू होते आणि मध्ये श्वास नसतो. त्यात फसवणूक काही नाही, ती एक शैलीच आहे. पण अशा गाण्यात दमसासाला गुण देऊ नका. दम बघायचा तर मागे स्वतःचाच मुद्रित आवाज न लावलेला प्रत्यक्ष कार्यक्रम शोधा.

निमूट
ऑटो-ट्यून १९९७ पासून आहे, त्याचं रडगाणं आता पुरे. ते सूर सावरायला लावलंय की वाद्यासारखं वापरलंय एवढं बघा. आवाज मुद्दाम तुटतोय, सरकतोय आणि शब्दाच्या भावाशी जुळतोय, तर ती निवड आहे. सगळ्या गाण्यावर सारखंच फासलं असेल तर सवय.
आणि पुटपुट म्हणजे आळस असंही नाही. व्यंजनं विरघळवून स्वर लांबवले की आवाज बीटमध्ये मिसळतो. तिथे शब्दांना गुण देत बसलात तर अख्खा प्रकार नापास होईल. तिथे सूर, विराम आणि मधले हुंकार-आरोळ्या ठोक्याच्या कुठे पडतात ते बघा.

खर्जवाला
त्या आरोळ्या डाव्या-उजव्या बाजूंना पसरवलेल्या असतात. चांगल्या हेडफोनशिवाय ते कळणारच नाही, म्हणून म्हणत होतो.

सावधऐका
कोणीच मजकुरावर बोलत नाही. बढाई हा या प्रकाराचा जुना रिवाज आहे, म्हणून बढाई दिसली की गुण कापू नका. ती ओळ जशीच्या तशी दुसऱ्या कोणाच्या तोंडी बसेल का, एवढं विचारा. बसत असेल तर रिकामी. गाडी, घड्याळ, पैसा यांची नावं मोजा आणि त्यातल्या किती नावांना पुढच्या ओळीत काही काम आहे ते बघा. गाण्यातला 'मी' म्हणजे कलाकारच, असंही धरू नका.
बायकांबद्दलची गलिच्छ भाषा मात्र "रिवाज आहे" म्हणून सोडू नका. तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. फ्लो (ठेक्यावर शब्द टाकण्याची पद्धत) अव्वल आणि मजकूर किळसवाणा, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सरासरी काढली की दोन्ही गोष्टी पुसल्या जातात.

यमकवही
+१. मी वर यमकाबद्दल म्हटलं तेच.

सावधऐका
तेच नाही.

गणितज्ञ
मग निदान पुरस्कार आणि ऐकणाऱ्यांची संख्या तरी धरा.

निमूट
नको. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं, म्हणून हुक (मनात बसणारं धृपद) सुरुवातीलाच आणून ठेवतात. आरआयएए या अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या हिशोबात १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम, म्हणून पंचवीस-पंचवीस गाण्यांचे अल्बम निघतात. संख्येवरून बांधणी अशी का आहे ते कळतं, दर्जा कळत नाही. पुरस्कारांचं बघायचं तर २०१८ मध्ये केंड्रिक लमारच्या 'डॅम'ला संगीताचं पुलित्झर मिळालं, शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर पहिल्यांदाच. त्याच वर्षी ग्रॅमीने त्याला रॅप अल्बमचा पुरस्कार दिला आणि 'अल्बम ऑफ द इयर' ब्रुनो मार्सला. आता कोणाचं धरता?
श्रेयनामावलीत आठ-दहा गीतकार दिसले म्हणून "दुसऱ्याने लिहून दिलं" असंही म्हणू नका. बीट करणारे आणि सॅम्पल (ध्वनिमुद्रणाचा तुकडा) घेतलेल्या जुन्या गाण्याचे मूळ रचनाकार त्याच यादीत येतात.

जुनंतेसोनं
एवढं करण्यापेक्षा 'इलमॅटिक' ऐकून झाला असता.

पानउलट
सगळ्यांचे आभार. हिशोब मांडला. आठवड्याचे साडेतीन तास. वीस अख्खी गाणी तीन-तीनदा ऐकण्यातच तीन तास जातात, लिहायला वेळ कुठला? म्हणून असं ठरवलंय: प्रत्येक गाण्याचं फक्त दुसरं कडवं, चार वेळा. सगळं मिळून तासभर. पहिलं कडवं सगळेच घासूनपुसून देतात, भरतीच्या ओळी दुसऱ्यात सापडतात. छापील शब्द अजिबात वाचणार नाही, कारण बैठकीतही कोणाच्या हातात कागद नसेल. गुणतक्ता नाही. दोन-दोन गाणी शेजारी लावून एक ठेवायचं, दहा उरली की त्यातली पाच. हेडफोन नाही. टोप्या बदलल्या, नॉर्मलायझेशन चालू केलं. वेगळा रकाना मात्र ठेवतेय.

यमकवही
शब्द न वाचता रॅप निवडणार? मग एवढं लिहिलं कशाला आम्ही?

सोळाबार
लोकप्रिय गाण्यात दुसरं कडवं बऱ्याचदा पाहुण्या कलाकाराचं असतं. तुम्ही भलत्याचीच परीक्षा घ्याल.

पानउलट
मग पाहुण्यामुळे गाणं तरतं की पडतं, हेही कळेल. यादीत अशी सहा आहेत, ती आपसातच लढवेन.

सोळाबार
आपसात लढवताना वेग बघून जोड्या लावा. ७० चालीचं गाणं ९५ च्या शेजारी ठेवलंत तर हळू गाणं दर वेळी हरेल.