डबल क्लचइतकेच गिअर ऑइलही महत्त्वाचे
डबल क्लच केल्याने, म्हणजे एक गिअर बदलताना क्लच दोनदा दाबल्याने, गिअरबॉक्सचे आयुष्य वाढते असे म्हटले जाते; हे मत मला अंशतः मान्य आहे. गिअर उतरवताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून इंजिनाचा वेग वाढवला, तर सिंक्रोनायझरच्या (गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) पितळी रिंगने घर्षणातून करायचे काम बरेचसे इंजिनच करते आणि रिंग कमी झिजते. मात्र दर वेळी क्लच दोनदा दाबला गेल्याने रिलीज बेअरिंगचे (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचे) काम वाढते, हेही लक्षात घ्यावे.

गिअर ऑइलचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे माझ्या गाडीचा दुसरा गिअर अडखळत पडतो, कारण थंडीने ऑइल घट्ट होते आणि त्याचा थर बाजूला सारून गिअरच्या शंकूसारख्या भागावर पकड घ्यायला रिंगला वेळ लागतो. अशा वेळी दांडा जोराने ढकलू नये, गाडी तापेपर्यंत गिअर सावकाश टाकावेत. गाडी तापल्यावरही अडखळणे राहिले, तर आत कोणते ऑइल आहे ते आधी तपासावे. कंपनीच्या पुस्तिकेत जीएल-४ दर्जाचे गिअर ऑइल सांगितले असताना गॅरेजमध्ये सर्रास जीएल-५ भरले जाते; त्यातील गंधकयुक्त रसायने पितळेला बाधू शकतात आणि रिंगची पकडही कमी होऊ शकते.