सानादेर 'निर्दोष' सुटला नव्हता
वर कोणीतरी लिहिलंय की क्रोएशियाच्या घटनात्मक कोर्टाने 2015 ला माजी पंतप्रधान इवो सानादेरची लाच घेतल्याबद्दलची शिक्षा रद्द केली म्हणजे त्याच्यावरच्या केसेस सगळ्या राजकीयच होत्या. असं नाहीये हो. कोर्टाने प्रक्रियेतल्या चुकांवर निकाल रद्द करून केस परत चालवायला सांगितली, लाच घेतलीच नाही असं कुठेही म्हटलं नाही. मग 2019 च्या डिसेंबरला त्याच आयएनए-एमओएल प्रकरणात, म्हणजे हंगेरीच्या एमओएल या तेल कंपनीला क्रोएशियाच्या आयएनए या तेल कंपनीचा कारभार द्यायचा आणि बदल्यात 1 कोटी युरो, परत शिक्षा झाली, 6 वर्षांची, आणि 2021 ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा माणूस साहित्यात डॉक्टरेट केलेला, स्प्लिटच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा प्रमुख राहिलेला, आणि पंतप्रधान झाल्या झाल्या 2004 च्या जानेवारीत सर्बांच्या ख्रिसमसच्या कार्यक्रमाला जाऊन त्यांच्याच पद्धतीने 'ख्रिस्त जन्मला' म्हणून शुभेच्छा देणारा, क्रोएट-सर्ब युद्ध संपून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा! लोकांनी किती विश्वास टाकला असेल. आणि तोच 2009 च्या जुलैत अचानक राजीनामा देतो, आणि 2010 च्या डिसेंबरला संसद त्याचं खटल्यापासूनचं संरक्षण काढून घेणार त्याच दिवशी गाडी काढून देशाबाहेर जातो, दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियात हायवेवर पकडला जातो.

फिमी मीडिया प्रकरणात तर त्याच्यासोबत त्याचा एचडीझेड हा अख्खा पक्षच दोषी ठरला, सरकारी खात्यांचे पैसे एका जाहिरात कंपनीतून पक्षाकडे वळवल्याबद्दल. ह्यावर जास्त बोलायला हवं.