ससा आणलाय, नक्की काय काय लागतं? (आणि कालपासून नीट खात नाहीये)

आर्याची_आई, पुणे
लेकीच्या हट्टापायी गेल्या रविवारी ससा आणला, तीनेक महिन्यांचा असेल. दुकानदाराने तारेचा पिंजरा, पेलेट (सशाच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या) आणि पाण्याची बाटली दिली, म्हणाला गाजर काकडी काहीही द्या, आठवड्याला आंघोळ घाला. रोज दोन-तीन गाजरं देतेय. पण काल दुपारपासून लेंड्या एकदम बारीक झाल्यात, रात्रीपासून तर नाहीतच, गाजर नुसतं हुंगतो आणि कोपऱ्यात गोळा होऊन बसतो. आणखी एक, परवा पहाटे शेपटीखाली तोंड घालून स्वतःचंच काहीतरी खात होता, लेक घाबरलीय. आजारी आहे का? अजून काय सामान आणू?

दोन_सशांचा_बाबा
ताई सामानाचं नंतर, आधी आत्ता डॉक्टरकडे न्या. ससा १० - १२ तास खात नसेल आणि लेंड्या बंद असतील तर उद्यावर ढकलायचं नसतं, आतडी थंडावतात, गॅस धरतो आणि सशाला उलटीही करता येत नाही. फोनवर आधी विचारा ससे बघता का, सगळे बघत नाहीत. पहाटे खातो ते नॉर्मल आहे, ती मऊ लेंडी त्याला परत खावीच लागते.
आता मूळ गोष्ट, गवत. दिवसभर समोर ढीगभर वाळकं गवत हवं, खाण्यातला ८० टक्के भाग तोच. दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात आणि पोटही त्यावरच चालतं. टिमोथी गवत ऑनलाइन मिळतं पण महाग, मी हरळी धुवून सावलीत वाळवतो, फक्त फवारणी नसलेल्या जागची घ्या. गाजर म्हणजे त्याची मिठाई, बोटाच्या पेराएवढा तुकडा कधीतरी. कोथिंबीर, मुळ्याचा पाला चालतो पण थोड्यापासून सुरू करा. कांदा-लसूण अजिबात नाही.

वऱ्हाडी_ससेवाली, नागपूर
आंघोळ बिलकुल घालू नका, घाबरूनच दगावू शकतात, घाण लागली तर ओल्या फडक्याने तेवढंच पुसा. ऊन पण जपा, तिशीच्या वर पारा गेला की त्यांना सोसत नाही, गॅलरीत ठेवूच नका. आमच्याकडे मे महिन्यात शहाबादी फरशीचा तुकडा आणि बाटलीत बर्फ करून फडक्यात गुंडाळून ठेवते, बरोबर त्याला टेकून पसरतात. पिंजऱ्यात तारेवर पुठ्ठा किंवा गोणपाट घाला, सशाच्या पायाला मांजरासारखी गादी नसते, तळव्याला जखमा होतात.
आणि मनाने औषध देऊ नका. माझ्या पहिल्या सशाला शिंका येत होत्या म्हणून घरातलं अमॉक्सिसिलिन हे माणसांचं अँटिबायोटिक पाजलं, तीन दिवसांत गेला. ते तोंडावाटे दिलं की सशाच्या पोटातले चांगले जंतू मरतात हे मला नंतर कळलं, आजही जिवाला लागतं. कुत्र्याचं फिप्रोनिलवालं पिसवांचं औषधही सशाला विष आहे.

आर्याची_आई
संध्याकाळी नेलं. आतडी मंद झाली होती, कातडीखाली सलाइन दिलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि सिरिंजने भरवायला पावडर दिलीय. रात्री साडेअकराला चार लेंड्या पडल्या, वाटाण्यापेक्षा लहान, पण पडल्या, लेकीने बॅटरी मारून मोजल्या. आत्ता हरळीची एक काडी तोंडात आडवी धरून हळूहळू आत ओढतोय. गोणपाट सकाळी आणते.