परवानग्या बिघडलेला सर्व्हर दुरुस्त करावा की नव्याने उभारावा?

जुळे सोलापूर (धागाकर्ता)

निमित्त असे की, अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या लिनक्स सर्व्हरवर, एकाच फोल्डरसाठी आतील सर्व फाइलींसह दिलेला 'सीएचमॉड ७७७' हा आदेश (सर्वांना वाचण्याची, लिहिण्याची व चालवण्याची परवानगी देणारा) तिरप्या रेघेनंतर चुकून एक मोकळी जागा पडल्यामुळे मूळ डिरेक्टरीपासून सर्वत्र लागू झाला. देखभाल करणाऱ्यांनी रात्रभर बसून परवानग्या हाताने पूर्ववत केल्या, सकाळी ऑर्डरी आणि सुताच्या साठ्याचे काम सुरू झाले आणि प्रकरण मिटले असे मानले गेले. माझ्या मते ते मिटलेले नाही. डेटा काढून घेऊन यंत्रणा नव्यानेच बसवायला हवी होती.

काही बिघाड स्वतःहून बोलतात. ७७७ मुळे सेटयूआयडी बिट (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालू देणारी खूण) पुसला जातो, म्हणून रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार मिळवून देणारा सुडो चालत नाही. खासगी किल्ल्या सर्वांना वाचता येतात असे दिसताच दुरून लॉगिन करण्याचा एसएसएच त्या नाकारतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर डेटा डिरेक्टरी ०७०० किंवा ०७५० (दोन्हींत इतरांना पूर्ण बंद) नसेल तर सुरूच होत नाही. मात्र मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्वांना लिहिता येणारी कॉन्फिग फाइल केवळ इशारा नोंदवून दुर्लक्षितो आणि मूळ सेटिंगवर चालू राहतो. पासवर्डचे हॅश असलेली शॅडो फाइल त्या काळात कोणी वाचली, ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या क्रॉनमधील एखादी स्क्रिप्ट कोणी बदलली, हे परवानग्या परत लावल्याने कळत नाही.

सात रस्ता

आपला निष्कर्ष मला मान्य नाही. रात्रभर हाताने परवानग्या लावणे ही पद्धत चुकीची होती, पण म्हणून दुरुस्तीच चुकीची ठरत नाही. रेड हॅट कुळातील लिनक्स वितरणांत प्रत्येक पॅकेजच्या फाइलचा मालक, गट आणि मोड (परवानग्या) आरपीएम या पॅकेज व्यवस्थेच्या नोंदीत असतो. रूटचे सत्र उघडे असेल (ते या काळात कोणीही बंद करू नये, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे), तर आधी मालक व गट परत लावणारा 'सेटयूजीआयडीज' आणि मग परवानग्या परत लावणारा 'सेटपर्म्स' हे आरपीएमचे पर्याय चालवावेत. क्रम उलटला तर मालक बदलताना सेटयूआयडी पुन्हा पुसला जातो. त्यानंतर आरपीएमचा पडताळणीचा आदेश मजकुराचे डायजेस्टही (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळवून दाखवतो. नव्याने उभारणी म्हणणे सोपे आहे. ज्या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर कोणाकडेच उरलेला नाही, ते परत कसे बसवणार?

जुळे सोलापूर

या कारखान्यात उबुंटू हे आरपीएम न वापरणारे वितरण आहे. तिथे असा एकच आदेश नाही. पॅकेजे एकेक करून पुन्हा बसवावी लागतात आणि डेटाबेस, घरच्या डिरेक्टऱ्या, स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टा यांविषयी पॅकेज व्यवस्थेला काहीच ठाऊक नसते. आरपीएम असते तरी ज्या नोंदींवर आपण विसंबता, त्या नोंदीही त्याच डिस्कवर होत्या आणि त्याच आदेशाने सर्वांना लिहिण्यासाठी खुल्या झाल्या होत्या. साक्षीदारच संशयित असेल तर त्याची साक्ष किती धरायची?

होटगी रोड

त्या वेळेत सर्व्हरवर कोण होते, हा प्रश्न दोघांनीही आधी विचारायला हवा होता. बाहेरून पोहोचता येणारे वेब अॅप किंवा अनेकांची खाती असतील, तर धागाकर्त्यांशी मी सहमत आहे. एकच प्रशासक आणि बंद जाळे असेल, तर दुरुस्ती पुरेशी आहे. त्यासाठी त्याच आवृत्तीच्या निरोगी यंत्रावर 'गेटफॅकल'ने मालक, गट आणि मोड यांची यादी काढावी आणि 'सेटफॅकल'च्या रिस्टोर पर्यायाने ती बिघडलेल्या यंत्रावर लावावी. स्थानिक फाइली उरतातच, त्या हाताने पाहाव्या लागतील. ही यादी दर आठवड्याला स्वतःच्याच सर्व्हरची काढून दुसरीकडे ठेवली असती, तर त्या रात्रीचे काम फार तर तासाभराचे ठरले असते.

सात रस्ता

नोंदींबाबतचा आक्षेप मान्य. पडताळणी बाहेरच्या माध्यमावरून सर्व्हर सुरू करून, मूळ पॅकेजांशी ताडूनच करावी. पण उद्या माल पाठवायचा असताना आज दुरुस्ती आणि कामाचा रेटा कमी झाल्यावर, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत म्हणा, नवी उभारणी, हा क्रम मी सोडणार नाही. दरम्यान सर्व पासवर्ड आणि एसएसएच किल्ल्या मात्र त्याच दिवशी बदलाव्यात.

जुळे सोलापूर

किल्ल्या बदलल्या तरी बदललेली क्रॉन स्क्रिप्ट यात्रेपर्यंत चालूच राहील, म्हणून मला तो क्रम पटत नाही. एक मात्र आजच करता येईल: फाइली पुसणारा 'आरएम' मूळ डिरेक्टरीवर आपोआप अडतो, 'सीएचमॉड' आणि मालक बदलणारा 'चोन' अडत नाहीत, त्यांना 'प्रिझर्व्ह-रूट' हा पर्याय स्वतः द्यावा लागतो. तो रूटच्या शेलमध्ये एलियासने (आदेशाला दिलेल्या टोपणनावाने) कायमचा जोडून ठेवावा.